समासातली नावे

तालुक्यापासून चार कोसांवर एक गाव होते. त्या गावात आमोस नावाचा एक शिंपी राहत असे. चर्चच्या मंडळीतले लोक त्याला मान देत, आणि जमेल तितके त्याला टाळत. दोन्हींचे कारण एकच होते. आमोस रोज पवित्र शास्त्र वाचत असे.

नव्या वर्षाला मंडळी वाचनाचा तक्ता छापून देई. कोणत्या तारखेला कोणता भाग वाचायचा, ते त्यात असे. आमोस पहाटे पाचला उठे, तोंड धुई आणि ओसरीवर बसून त्या तारखेचा पाठ मोठ्याने वाची. एकतीस वर्षांत त्याने एकही तारीख चुकवली नव्हती. मुलाच्या लग्नाच्या दिवशी वाजंत्री मांडवात येऊन बसले होते, तरी नवरदेवाचा बाप पाठ संपल्याशिवाय उठला नाही.

वाचून झाले की तो मनन करी. मनन म्हणजे वाचलेले वचन घेऊन शांत बसायचे, आणि ते आपल्याला काय सांगते ते पाहायचे. आमोस शांत बसे खरा. पण तो शिंपी होता. कापड हातात आले की ते कोणाच्या अंगाला बसेल हे त्याला तिथल्या तिथे दिसे, आणि वचनाचेही तसेच होई. खोटेपणाविषयी काही आले की त्याला दूधवाला आठवे. गर्वाविषयी आले की मंडळीचे पाळकसाहेब. चहाडीविषयी आले की स्वतःची बायको, राहेलबाई. मग तो कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल घेई आणि त्या ओळीसमोर, पानाच्या समासात, ते नाव लिहून ठेवी. अक्षर बारीक आणि सुवाच्य. एकतीस वर्षांत असे एकही पान उरले नव्हते, ज्यावर गावातले कोणी ना कोणी सापडत नसे.

तो नुसता लिहून थांबला असता, तरी लोकांनी चालवून घेतले असते. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत तो ती नावे आडून आडून देवाच्या कानावर घाली. "प्रभू, या घरात ज्यांचं दुधाकडे लक्ष नसतं, त्यांना तू बुद्धी दे." ज्या सुनेचे दूध त्या दिवशी उतू गेलेले असे, ती डोळे मिटून हे ऐकून घेई.

राहेलबाईला हे सहन होत नसे. ती म्हणे, "देवाला सांगताय का तिला? तिला सांगायचं असेल तर डोळे उघडून सांगा."

आमोस म्हणे की प्रार्थनेत मध्येच बोलू नये, आणि दुसऱ्या दिवशी चहाडीच्या शेजारी उद्धटपणाच्या ओळीसमोरही तिचे नाव लिही.

सुनेचे नाव सुवर्णा. आमोसचा मुलगा नाथान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. तो पहाटेच्या गाडीने तालुक्याला जाई आणि अंधार पडताना परते. सुवर्णाचे माहेर ओढ्यापलीकडच्या गावात, तासाभराच्या वाटेवर. तिथे तिची आई लिदियाबाई एकटीच राहत असे. एकदा लिदियाबाईला ताप आला आणि उतरेना, म्हणून सुवर्णा तिला चार दिवसांसाठी आपल्याकडे घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिदियाबाई मधल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती. आमोसचा पाठ सुरू झाला. त्या तारखेला कोणता भाग होता कोणास ठाऊक, पण आमोसने वाचला तो आळशी माणसाला मुंगीकडे पाहायला सांगणारा भाग. ओसरीवर बसून नव्हे, मधल्या खोलीच्या दारात उभा राहून. एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. लिदियाबाई उठली. तिने पांघरुणाची घडी घातली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तापलेल्या अंगाने चालत आपल्या गावी निघून गेली. त्यानंतर अकरा महिने तिने या घराचा उंबरा ओलांडला नाही.

सुवर्णा भांडली नाही. तिने नवऱ्याला एवढेच सांगितले की ज्या घरात माझी आई आजारपणात झोपू शकत नाही, त्या घरात मला म्हातारे व्हायचे नाही. तालुक्याला परवडणारी खोली मिळायला नाथानला नऊ-दहा महिने लागले; ती मिळताच एक तारखेपासून येतो म्हणून त्याने घरमालकाला सांगून टाकले.

आमोसला हे कळले तेव्हा त्याला फार दुःख झाले. नाथान त्याचा एकुलता एक मुलगा. दोघे गेले की घरात उरणार तो आणि राहेलबाई, आणि राहेलबाई तर त्याच्याशी कामापुरतीच बोले. रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे उठून त्याने शास्त्र उघडले, आईबापांचा मान राखण्याविषयीची आज्ञा काढली आणि तिच्यासमोर लिहिले: नाथान, सुवर्णा. आता अशा माणसाला काय म्हणावे?

नेमके त्याच आठवड्यात त्याच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. मोतीबिंदू पिकला होता; सुईत दोरा ओवता येत नव्हता, तरी त्याने ते वर्षभर लपवले होते. ऑपरेशन चांगले झाले. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि सांगितले की चाळीस दिवस खाली वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही आणि वाचायचे अजिबात नाही. दुसऱ्या डोळ्याने आधीच धूसर दिसत होते. राहेलबाईने मुलाच्या आणि सुनेच्या हातापाया पडून चाळीस दिवस मागून घेतले. खोलीची एक तारीख पुढच्या महिन्यावर गेली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आमोसने विचारले, उद्या पाठ कोण वाचणार?

राहेलबाई दुसरी शिकलेली. जोडाक्षर आले की ती थांबे, ओळ संपेपर्यंत तासभर जाई. नाथान पाचच्या आधीच घर सोडी. उरली सुवर्णा.

"वाचीन," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणत असे. "चाळीस दिवस वाचीन, मामा. पण मला वचन सांगायचं नाही. ऐकायचं फक्त."

पहिल्याच दिवशी तक्त्यात वंशावळ आली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. चुलीवर पाणी ठेवलेले होते, म्हणून सुवर्णाने मधली पाच-सहा नावे गाळली. आमोसला अख्खी वंशावळ पाठ होती. तो संतापला. एकतीस वर्षांत आपण एक अक्षर सोडले नाही, देवाच्या पुस्तकातले गाळायला आपण कोण, असे बरेच काही तो बोलला. शेवटी त्याने नियमच घालून दिला.

"पानावर जे असेल ते सगळं वाचायचं. काहीही गाळायचं नाही."

"सगळं?" सुवर्णाने विचारले.

"सगळं."

दुसऱ्या दिवसापासून सुवर्णा सगळे वाचू लागली. वचन वाची, आणि त्याच्यासमोर समासात जे असेल तेही वाची. आवाजात राग नाही, टोमणा नाही. वंशावळ वाचावी तशी. "समासात, लाल पेन्सिलीने: पाळकसाहेब. त्याच्याखाली: दूधवाला. त्याच्याखाली: राहेल, दोनदा."

कोणाला वाटेल की आमोस लाजला असेल. तो खूश झाला. इतक्या वर्षांपूर्वी लिहिलेले किती नेमके होते, म्हणून त्याने मान डोलावली. दूधवाला तर तेव्हापेक्षाही वाईट झाला आहे, असेही तो म्हणाला. राहेलबाई चुलीपुढे बसून हे ऐकत होती. तिने कपाळावर हात मारला आणि भाकरी थापायला घेतली.

असे दिवस जाऊ लागले. आठव्या दिवशी सुवर्णाचे स्वतःचे नाव आले, तिने ते वाचले. अकराव्या दिवशी पुन्हा आले. चौदाव्या दिवशी तिच्या आईचे नाव आले. तेही तिने वाचले. आमोस चुळबुळला. म्हणाला, पेन्सिलीचं राहू दे, नुसतं वचन वाच.

"नाही मामा," सुवर्णा म्हणाली. "गाळायचं नाही, असं ठरलंय."

एकोणिसाव्या दिवशी कुसळ आणि मुसळाचा भाग आला. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेल्या आणि आपल्या डोळ्यातले मुसळ न दिसणाऱ्या माणसाविषयीचा. सुवर्णाने तो वाचला आणि समासाकडे वळली. तिथे नऊ नावे होती. अख्ख्या शास्त्रात एका ओळीसमोर इतकी नावे कुठेच नव्हती. जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन पानाच्या खालच्या कडेला लिहिली होती. तिने नऊच्या नऊ वाचली.

डोळ्यावर पट्टी बांधलेला आमोस भिंतीला टेकून बसला होता. त्याने विचारले, "त्यात माझं नाव नाही?"

"नाही."

"दुसरीकडे कुठे असेल. बघ."

सुवर्णाने पुढचे दोन दिवस, कामातून सवड मिळेल तशी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समास पाहिले. राहेलचे नाव सदुसष्ट वेळा होते. नाथानचे बत्तीस वेळा. आमोसचे एकदाही नव्हते.

"आहे की शास्त्रात आमोस," राहेलबाई आतून म्हणाली. "संदेष्टा होता. पण तो मेंढरं राखायचा. आमचा आमोस माणसं हाकतो."

त्या दिवशी आमोस जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने सुवर्णाला पेन्सिल घ्यायला सांगितली. ज्या ज्या वचनात काही दोष सांगितला असेल, त्याच्यासमोर माझे नाव लिही, म्हणाला. सुवर्णाने लिहिले. तिसऱ्या दिवशीही लिहिले. आठवडाभरात आमोसचे नाव बेचाळीस ठिकाणी झाले.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते. पण आमोसला या नव्या उद्योगाची गोडी लागली. डोळा कसा आहे म्हणून कोणी विचारायला आले, की तो म्हणे, बाहेरचा डोळा राहू द्या, देवाने माझा आतला डोळा उघडला. मग पाहुण्यासमोर शास्त्र आणवी आणि आपले नाव कुठे कुठे लिहिले आहे ते सुवर्णाकडून वाचून दाखवी. लोक म्हणत, काय ही नम्रता. पाळकसाहेब दर महिन्याला येत, ते आले तेव्हा त्यांनाही दाखवून झाले. त्यांचेही नाव त्याच पानांवर आहे, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आले नाही, आणि त्यांनी रविवारच्या उपदेशात आमोसचे उदाहरण दिले.

राहेलबाई सुनेला म्हणाली, "आधी सगळं शास्त्र लोकांचं होतं. आता सगळं ह्यांचं झालं. आपल्याला एक ओळ तरी ठेवतील का?"

एकोणतिसाव्या दिवशी पाठ झाला. आमोसने नेहमीप्रमाणे बोट वर केले. "माझं नाव लिही. अक्षर जरा मोठं काढ."

सुवर्णाने पेन्सिल खाली ठेवली.

"मामा, नाव लिहून काय होतं?" ती म्हणाली. एकोणतीस दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "माझी आई अकरा महिने ह्या घरी आली नाही. अंगात ताप असताना ती इथून चालत गेली. ते कुठल्या ओळीसमोर लिहू?"

ती उठून आत गेली. राहेलबाई दारात उभी होती.  

आमोस म्हणाला की पट्टी निघाली, दिवस भरले, की जाईन लिदियाबाईकडे.

"दिवस भरल्यावर ही दोघं जाणार आहेत," राहेलबाई म्हणाली. "वाचू नका म्हणालेत डॉक्टर. चालू नका कोणी म्हटलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोसने काठी घेतली, टोपी घातली आणि सवयीने शास्त्र काखेत मारले. राहेलबाईने ते काढून घेतले.

"हे इथं राहू द्या. नाहीतर तिथंही वाचाल."

तो एकटाच निघाला. धूसर डोळ्याने वाट चाचपत, दगड चुकवत, ओढ्यात पाय भिजवत तो दोन तासांनी ओढ्यापलीकडच्या गावात पोहोचला. वाटेत त्याने काय बोलायचे ते जुळवले होते. त्यात क्षमेविषयीची तीन वचने होती आणि ती कोणत्या क्रमाने सांगायची तेही ठरले होते.

लिदियाबाई अंगणात सुपात तीळ पाखडत होती. व्याही दिसताच ती उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली, डोळ्याची चौकशी केली. मग पुन्हा सूप हातात घेतले. आमोसने घसा खाकरला.

"विहीणबाई, शास्त्रात असं म्हटलंय..."

सूप थांबले. लिदियाबाई त्याच्याकडे पाहत होती. तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, पण ती पाहते आहे हे कळत होते. तिन्ही वचने त्याच्या तोंडाशी आली होती. ती त्याने गिळली.

"तुम्हाला ताप होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तरी मी वाचलं."

"तीन वेळा वाचलंत."

"हो. तीन वेळा."

"पहिल्यांदा वाटलं, रोजचा पाठ असेल. दुसऱ्यांदा वाटलं, म्हातारपणी ओळ चुकली असेल. तिसऱ्यांदा कळलं."

आमोसने मान खाली घातली. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलेले त्याला आठवले नाही. "त्या तारखेचा पाठ तो नव्हताच," तो म्हणाला. "तक्ता सोडून मी तो भाग शोधून काढला. एकतीस वर्षांत तेवढा एकच दिवस मी तक्ता सोडला."

ही गोष्ट त्याने आजवर कोणाला सांगितली नव्हती. राहेलबाईलाही नाही.

लिदियाबाई काही वेळ तीळ नुसतेच हाताने चाळवत राहिली. मग म्हणाली, "मी पण रोज वाचते हो. तुमच्याएवढं येत नाही मला, पण वाचते. ते मुंगीचं वचन माझ्या वडिलांना फार आवडायचं. वावरात खुरपायला बसलो की मुंग्यांची रांग दाखवून ते आम्हा पोरांना सांगायचे. तुम्ही ते माझ्या अंगावर फेकलंत, तेव्हापासून ते पान आलं की मी उलटून पुढं जाते. माझ्या वडिलांचं वचन तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत, त्याचा मला राग आहे. पांघरुणातून उठवलंत, त्याचा नाही."

शास्त्रात यावर काही असेल, पण आमोसला आठवेना. तो एवढेच म्हणाला, "चुकलं माझं."

तिने त्याला चहा दिला. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि त्यानेही मागून घेतली नाही. ऊन चढायच्या आत निघा, डोळा सांभाळा, असे सांगून तिने त्याला वाटेला लावले.

सहा दिवस काही घडले नाही. घरात पाठ होत होता. सुवर्णा वचन वाचत होती, समासही वाचत होती, आणि आमोस गप्प ऐकत होता. पेन्सिल कोणी मागितली नाही. पाहुण्यांना शास्त्र दाखवणेही बंद झाले. संध्याकाळची प्रार्थना इतकी आखूड झाली की राहेलबाईने एकदा डोळे उघडून पाहिले, संपली की काय म्हणून.

सातव्या दिवशी दुपारी लिदियाबाई आली. हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता. ती राहेलबाईशी बोलली, लेकीशी बोलली, व्याह्याला तिने नमस्कार केला, आणि रात्री मधल्या खोलीत झोपली. पहाटेचा पाठ झाला तरी ती उठली नाही. सहा वाजले, सात वाजले. आमोस ओसरीवर बसून होता. राहेलबाईने त्याच्याकडे पाहिले. तो रस्त्याकडे पाहत होता. आठ वाजता लिदियाबाई उठून बाहेर आली आणि म्हणाली, बऱ्याच दिवसांनी अशी झोप लागली.

ती दुपारी गेल्यावर सुवर्णा सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. चाळीस दिवस भरायला दोन दिवस उरले होते.

"मामा, खोलीच्या मालकाला ह्यांनी निरोप पाठवलाय. येत्या एक तारखेला येत नाही म्हणून," ती म्हणाली. "आणखी एक महिना राहतो. पुढचं पुढं बघू."

आमोसला ताबडतोब एक वचन आठवले. उद्याची चिंता करू नये याविषयीचे, अगदी प्रसंगाला शोभणारे, सुनेच्या मापाचे. ते ओठावर आलेले राहेलबाईला स्पष्ट दिसले. ती चुलीपाशी श्वास रोखून उभी राहिली.

आमोसने तोंड उघडले, मिटले आणि म्हणाला, "बरं."

तात्पर्य: रोजचे वचन आधी स्वतःला लावून पाहावे, आणि त्यात आपली चूक दिसली, तर ती लोकांना वाचून दाखवत बसू नये, ज्याचे मन दुखावले त्याच्या दारी जाऊन ती सुधारावी.